टेलिफोनबाईंचा मजकूर

“आणि काहीच सांगितलं न्हाई, तर?”

हे विचारताना बाई डाव्या कानावरचा पदर मागे सारायच्या आणि तो कान समोरच्याच्या तोंडाजवळ न्यायच्या. ऐकू त्यांना चांगलं यायचं. पण सगळी नोकरी टेलिफोनच्या खात्यात गेलेली, त्यामुळे उत्तर हे कानानंच घ्यायचं असतं, तोंडाकडं बघत बसायचं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. समोरचा माणूस मात्र गडबडून जायचा.

एकदा दूध संकलनवाला त्यांच्याकडून प्रोग्राम करून घ्यायला आला होता. शेतकऱ्यानं दूध घातलं की पावती निघाली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. बाईंनी विचारलं, दूध गाईचं की म्हशीचं हे भरणाऱ्यानं सांगितलंच न्हाई, तर? तो म्हणाला, असं कसं सांगणार नाही? बाई म्हणाल्या, “माणूस हाय. इसरतो.” त्यानं डोकं खाजवलं आणि गाईचं धरा म्हणाला. “धरलं,” असं म्हणून बाईंनी कान परत पदराखाली घेतला.

बाईंच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. कुणी काही सांगितलं तर सांगितलं ते घ्यायचं, नाही सांगितलं तर आधीच ठरवून ठेवलेलं घ्यायचं. मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. मी मूळचा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. ब्रश गेला आणि फ्लेक्स आला तसा मी फ्लेक्सवाला झालो. नांदूरघाटच्या बाजाराला लागून आमचे गाळे शेजारी शेजारी होते, मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे माझ्या मशिनीची घरघर बाईंना आणि बाईंचं कॉम्प्युटरशी चाललेलं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळायचं. फ्लेक्स करायला लागून जमाना झाला तरी बाई मला शेवटपर्यंत पेंटरच म्हणायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा धंदा त्यांच्या अंगात उतरलेला असतो. बाईंनी अख्ख्या बाजारासाठी डिफॉल्ट ठरवून ठेवले होते. त्यांच्या गाळ्यात आलेला माणूस चहाला हो किंवा नाही काहीच बोलला नाही तर त्याला बिनसाखरेचा काळा चहा मिळायचा. दुसऱ्या खेपेला तो आल्या आल्याच “बाई, दूध-साखरेचा” असं ओरडायचा. भाजीवालीला सांगून ठेवलं होतं, माझा निरोप आला नाही तर मेथीची जुडी पेंटरकडं टाकायची. बाई गावाला गेल्या की माझ्या घरी मेथी, हे इतकं ठरून गेलं की बायको मला बाईंचा मुक्काम किती दिवसांचा, ते आधी विचारून ठेवायची. माझ्या धंद्यातही त्यांनी हात घातला. गिऱ्हाइकानं वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो आणून दिला नाही तर गुलाबाचं फूल छापायचं, असं त्यांनी माझ्या वतीनं ठरवलं. एका पैलवानाचा फोटो वेळेत आला नाही. ‘तालमीचा वाघ’ अशा अक्षरांखाली चौकात भलामोठा गुलाब लागला. पैलवान येऊन माझ्यासमोर नुसताच उभा राहिला, काही बोलेना. बाई पत्र्यापलीकडून म्हणाल्या, “पेंटर, बोलत न्हाईत ना? काळा चहा दे त्यास्नी.”

टेलिफोन खात्यात बाई ऑपरेटर होत्या. दोऱ्या इकडून काढून तिकडं खुपसायच्या आणि गावोगावची माणसं एकमेकांशी जोडून द्यायची, हे त्यांचं काम. ती यंत्रं गेली तशी खात्यानं त्यांना कॉम्प्युटर शिकवला. नोकरी संपल्यावर त्या मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ बघून पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकल्या. मालक, म्हणजे बाईंचे यजमान, आधीच वारलेले, मूलबाळ नाही. गाळा मालकांचा होता, त्यात पूर्वी शिलाई मशिनी होत्या. बाईंनी मशिनी विकल्या आणि दोन कॉम्प्युटर घेतले. साठीतली बाई प्रोग्राम लिहिते याचं आधी लोकांना नवल वाटलं. मग तिच्या पावत्या बरोबर निघतात म्हटल्यावर नवल संपलं.

आता अण्णांचं सांगतो. अण्णा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. बागायती मोठी, घरात राजकारण वाडवडिलांपासून. माणूस वाईट नाही, पण लग्न, बारसं, वाढदिवस यांतलं एकही चुकलं तर मत चुकलं, या काळजीनं ते पोखरलेले. एक दिवस गाडीतून उतरले आणि बाईंना म्हणाले, कार्यकर्ता नाव, नंबर आणि प्रसंग भरील, माझ्या नावानं मेसेज गेला पाहिजे. बाईंनी कान पुढं केला, चारदोन गोष्टी विचारल्या आणि कामाला लागल्या.

तो प्रोग्राम कसा होता ते बाईंनी मला इतक्यांदा सांगितलं की आता मी झोपेतही सांगेन. त्यांनी ‘संदेश’ नावाचा एक क्लास केला. क्लास म्हणजे एका कामाचं घर समजा, आणि त्यातल्या मेथड म्हणजे घरातली कामं करणारी माणसं. यात दोघं होते. एक ‘मजकूर’, तो मेसेज लिहून द्यायचा. दुसरा ‘पाठव’, तो नेऊन पोचवायचा. आता पाठवनं लिहून कुणाकडून घ्यायचं? सांगितलं त्याच्याकडून. आणि काहीच सांगितलं नाही तर मजकूरकडून. म्हणजे इथं बाईंनी डिफॉल्ट म्हणून गाय-म्हैस ठेवली नव्हती, दुसरी मेथडच ठेवली होती. या गोष्टीवर त्या फार खूश होत्या. पत्र्यावर टकटक करून त्यांनी मला बोलावून दाखवलं. मी छान म्हणालो. कौतुक करायला सगळं कळावंच लागतं असं नाही.

प्रोग्राम धडाक्यात चालला. ‘मुलाचे लग्न या शुभप्रसंगानिमित्त आपले हार्दिक अभिनंदन. असे प्रसंग आपल्या घरी वारंवार येवोत. आपलाच, अण्णा.’ मुलाच्या लग्नाला ‘वारंवार’ शोभत नाही, असं मी म्हणालो होतो. बाई म्हणाल्या, अण्णांनीच सांगितलंय, तसंच राहू दे.

मग अण्णांना दुखवट्याचाही मेसेज हवा झाला. बाईंना ते काम चुटकीसरशी वाटलं. त्यांनी ‘दुखवटा’ नावाचा नवा क्लास केला. त्यानं संदेश या जुन्या क्लासकडून सगळं जसंच्या तसं वारशानं घ्यायचं, फक्त मजकूर नवा. ‘ऐकून दुःख झाले, आपल्या कुटुंबाच्या दुखात सहभागी आहे, वगैरे’ असा तो मजकूर त्यांनी पडद्यावर काढून पाहिला. बरोबर दिसला. राहिलं होतं ते प्रत्यक्ष पाठवून बघणं.

मी म्हणालो, माझ्या नंबरवर पाठवा. विहिरीत डोकावणाऱ्या पोराकडं आई बघते तसं बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “जित्या माणसाच्या घरी दुखवटा न्हाई पाठवायचा, पेंटर,” त्या म्हणाल्या. ज्या बाईंनी अमावस्येला गाळ्याचं उद्घाटन केलं होतं, त्याच या बाई. चाचणी राहून गेली.

पहिला दुखवटा गेला तो डोंगराकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर. तिथला एक म्हातारा वारला होता. कार्यकर्त्यानं मुलाचा नंबर भरला, प्रसंग भरला आणि बटण दाबलं. सोपान नावाच्या त्या मुलाच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘वडिलांचे निधन या शुभप्रसंगानिमित्त आपले हार्दिक अभिनंदन. असे प्रसंग आपल्या घरी वारंवार येवोत. आपलाच, अण्णा.’ सोबत अण्णांचा हात जोडलेला, हसरा फोटो.

दुपारपर्यंत तो मेसेज साऱ्या बाजारात फिरला. चहाच्या टपरीवर लोक तो एकमेकांना वाचून दाखवत होते. हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती. मी पत्र्यापलीकडं गेलो तर बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. पदर कानावरून घसरून खांद्यावर आला होता, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. “वारंवार,” एवढंच त्या म्हणाल्या.

अण्णा आले तेव्हा त्यांची गाडी नीट उभीही राहिली नव्हती. वस्तीवरच्या लोकांनी निरोप पाठवला होता, अण्णाची गाडी पुन्हा इकडं दिसता कामा नये. अण्णांनी वाटेतच तोड काढली होती. विरोधकांनी कॉम्प्युटरमध्ये घुसून हे केलं, असं सांगायचं, आणि तसा मोठा फ्लेक्स मी आजच छापून चौकात लावायचा.

बाई म्हणाल्या, “अण्णा, कॉम्प्युटरमधी माझ्याशिवाय कुणी घुसलं न्हाई.”

“ते तुमाला आन मला म्हाईत हाय. लोकाला कशाला सांगता?”

“चूक माझी हाय. दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार न्हाई.”

अण्णांनी मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या दुकानातला निम्मा धंदा अण्णांच्या फोटोवर चालायचा, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो, अण्णा, मशीन बिघडलंय. ते नेमकं तेव्हाच पत्र्यामागं घरघरत होतं. अण्णांनी ते ऐकलं, थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “दोघांचीबी मशिनं एकदमच बिघडली म्हणायची.” आणि निघून गेले.

बाईंनी पुढचा घंटाभर चूक शोधली. सापडली तेव्हा मी विचारलं, काय होतं? त्या म्हणाल्या, डिफॉल्ट हे पाठवताना ठरत नाही. पाठव ही मेथड पायथन पहिल्यांदा वाचतं त्याच घडीला ठरतं. त्या घडीला मजकूर म्हणजे अभिनंदनाचा मजकूर, दुसरा नव्हताच. पाठवनं त्यालाच धरलं. नंतर दुखवट्याच्या घरात त्याच नावाचा नवा मजकूर आला, पण पाठवला ते कुणी सांगितलंच नाही. तो आपला जुन्याकडूनच लिहून घेऊन पोचवत राहिला. “नाव तेच, माणूस जुनाच,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी ती जागा रिकामी केली. काही सांगितलं नाही तर आधीचं कुणी धरायचं नाही. पाठवायच्या वेळी आपण कुणाच्या घरात आहोत ते बघायचं आणि त्या घरातला मजकूर घ्यायचा. दोन ओळींचा बदल होता.

आता पाठवून बघणं भाग होतं. बाईंनी स्वतःचं नाव भरलं, स्वतःचा नंबर भरला, प्रसंगाच्या जागी ‘बाईंचे निधन’ असं टाकलं आणि बटण दाबलं. टेबलावरचा मोबाइल वाजला. बाईंनी चष्मा लावून आपल्याच मरणाचा दुखवटा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या म्हणाल्या, “दुःखातला विसर्ग राहिलाय की. आणि जरा लांबलाय. गेलेल्या माणसाविषयी इतकं बोलू नये.” त्यांनी विसर्ग घातला, एक वाक्य काढलं आणि पिशवी उचलली. “चल. वस्तीवर सोड मला.”

एखादी जीप मागवू का म्हणालो तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. माझ्या मोटारसायकलवर त्या एका बाजूला बसल्या, पिशवी छातीशी धरून. मुरमाच्या वाटेनं डोंगराच्या अंगाला गेलो. वर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत होती. वस्तीवर पुरुषमाणसं बाहेर बसली होती. सोपानच्या डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. त्याची आई, ठकूबाई, दाराशी भिंतीला टेकून होती. आम्हाला बघून कुणी उठलं नाही.

सोपाननं विचारलं, अण्णानं धाडलंय का? बाई नाही म्हणाल्या. मेसेज अण्णांचा नव्हता, प्रोग्राम मी लिहिलाय, चूक माझी आहे आणि तेवढं सांगायला मी आले, असं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

“अशी कशी चूक झाली?” सोपान म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. “बाप मेला आमचा. आन वारंवार मरू द्या म्हंता.”

बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, आता क्लास आणि मेथड निघणार आणि आपल्याला इथून पळतच जावं लागणार. पण बाई खाली बसल्या आणि ठकूबाईकडं तोंड करून हळूहळू सांगू लागल्या. म्हणाल्या, त्या यंत्राला मी पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली होती. ती त्यानं धरून ठेवली. नंतर मी दुसरी सांगितली, पण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. ते आपलं पहिलंच करत राहिलं.

ठकूबाईनं मान वर केली. “म्हंजी नवीन सांगितल्यालं त्याच्या डोस्क्यात शिरलंच न्हाई?”

“न्हाई.”

“मंग त्ये आमच्या म्हाताऱ्यावानीच हाय की.”

ठकूबाईच सांगत राहिली. पवनचक्कीवाल्यांनी वरच्या माळाला तारेचं कुंपण घातलं आणि मेंढरांची जुनी वाट बंद झाली. पोरानं बापाला नवी वाट दाखवली, हाताला धरून नेऊन दाखवली. म्हातारा हूं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन पुन्हा त्याच कुंपणाला जाऊन थटायचा. कुंपणाला शिव्या द्यायचा आणि माघारी यायचा. “लई दिस असंच. मेंढरंसुदिक हुबी ऱ्हाऊन बघायची त्येच्याकडं, आज तरी वळतोय का म्हून.”

एक जण खाली मान घालून खांदे हलवायला लागला. मग दुसरा. सोपाननं तोंडावर हात धरला, पण त्याच्याच्यानं आवरेना. त्यानं शेवटी कुंपणाला दिलेली एक शिवी बापाच्या आवाजात म्हणून दाखवली आणि सगळी वस्ती हसली. ठकूबाई हसता हसता पदरात तोंड घालून रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

थोड्या वेळानं ठकूबाईनं डोळे पुसत विचारलं, ते यंत्र आता नीट झालं का? बाई म्हणाल्या, झालं. आता त्याला आधीचं काही धरायला दिलं नाही. निघायच्या टायमाला कुठं हायेस ते बघ, म्हणून सांगितलंय.

“आमच्या म्हाताऱ्याला कुणी असं नीट केलं असतं तर,” ठकूबाई म्हणाली. मग मान हलवली. “न्हाई. तसाच बरा व्हता.”

अण्णा दोन दिवसांनी वस्तीवर गेले. गाडी खाली ठेवून चालत गेले आणि जमिनीवर बसले, असं सोपाननंच बाजारात सांगितलं. त्यानंतर अण्णा बाईंच्या गाळ्यात आले आणि वाढदिवसाचं चालू ठेवा, मयताचा फोन मी स्वतः करीन, म्हणाले. बाईंना हे पटलं, पण रागही आला. आता तर कुठं ते बिनचूक झालंय, अशी त्यांची तक्रार होती. पुढं बरेच दिवस त्या भेटेल त्याला विचारायच्या, तुमच्याकडं कुणाला दुखवटा पाठवायचाय का? माणसं त्यांना बघून रस्ता बदलायला लागली. मशीन दुरुस्त झालं का, असं अण्णांनी मला मात्र कधी विचारलं नाही. त्यांच्या पुढच्या वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्याकडंच आले.

ठकूबाई मग बाजाराच्या दिवशी बाईंच्या गाळ्यात यायला लागली. दोघींचं काय जमलं ते मला सांगता येणार नाही. एकीनं आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, दुसरीनं मेंढरांशिवाय फारसं कुणाशी बोलणं केलं नाही. ठकूबाई पडद्यावरच्या ओळी बघत बसायची आणि मधेच विचारायची, ह्यातली कोनती वळ तुमचं ऐकत न्हाई? बाई बोट ठेवून दाखवायच्या. ठकूबाई त्या ओळीकडं रागानं बघायची. पत्र्यापलीकडून मी हे ऐकायचो आणि हसू दाबताना माझ्या हातून फ्लेक्स वाकडा कापला जायचा.

बाईंचे गुडघे गेले तशी लातूरहून त्यांची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. गाळा तेवढा राहिला. शटरवर आता धूळ आहे, आणि त्यावर कुणीतरी बोटानं बाण काढून माझ्या दुकानाकडं वळवलाय.

मागच्या बाजाराला ठकूबाई आली. शटरसमोर जरा उभी राहिली, मग माझ्याकडं येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, लावून दे बाईला. मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. पलीकडून बाईंचा आवाज आला, कोण बोलतंय?

“मीच हाय. बोलायला काय न्हाई. नुसतं लावलंय.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “असू दे चालू.”

मग दोघी गप्प बसल्या. तिकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, इकडं बाजारात मेंढ्यांचा सौदा चालला होता. ठकूबाईनं चंची सोडली आणि सुपारी कातरायला घेतली. मी मशीन बंद करून ठेवलं.